२८ एप्रिल १९७६ : एकट्या न्यायमूर्तींचा नकार

आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्यांना कोर्टात दाद मागता येईल का? नऊ उच्च न्यायालयांनी ‘होय’ म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर खटल्यात या दिवशी चार विरुद्ध एक मतांनी ‘नाही’ म्हटले. बेकायदा जीव घेतला तरी दाद नाही, असे महान्यायवादींनी सुनावणीत मान्य केले, तरीही! विरोधात उभे राहिले एकटे न्या. हंसराज खन्ना. पुढे त्यांना डावलून सरन्यायाधीशपद कनिष्ठाला दिले गेले, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. बहुमतात पुण्याचे यशवंतराव चंद्रचूडही होते, याची मराठी मनाला आजही खंत वाटते. २०१७ मध्ये हा निकाल रद्दबातल ठरवणाऱ्या पीठात त्यांचेच पुत्र धनंजय चंद्रचूड होते.