अस्सल, नक्कल आणि बेंटले

जुन्या दफ्तरांत काम करणाऱ्यास 'अस्सल' आणि 'नक्कल' हे दोन शब्द पदोपदीं भेटतात. नक्कल म्हणजे खोटा कागद नव्हे. मूळ कागदावरून उतरून घेतलेला, आणि नक्कल म्हणूनच जपून ठेवलेला तो कागद असतो. खोटा तो निराळा. त्यास बनावट म्हणतात. हा भेद इतिहासाच्या विद्यार्थ्यास आरंभींच शिकावा लागतो. परंतु कागद सोडून लोखंडाच्या वस्तूंस तो लावूं गेल्यास किती पेंच पडतात, हें पाहावयाचें असेल तर इंग्लंडांतील जुन्या शर्यतीच्या मोटारींकडे पाहावें. विषय वाचकांस कांहींसा परका वाटेल. प्रश्न मात्र आपल्या ओळखीचाच आहे.

डब्ल्यू. ओ. बेंटले यांनीं १९१९ सालीं आपली कंपनी काढली व लंडनच्या क्रिकलवुड भागांत कारखाना घातला. फ्रान्समध्यें ल मां येथें १९२३ पासून चोवीस तासांची शर्यत होऊं लागली. ती बेंटले गाड्यांनीं १९२४ सालीं एकदां, आणि पुढें १९२७ ते १९३० अशी लागोपाठ चार वर्षें जिंकली. १९२९ सालीं तर पहिले चारही क्रमांक त्यांचेच. कीर्ति एवढी आणि तिजोरींत मात्र खडखडाट, असा प्रकार होऊन १९३१ मध्यें कंपनी बुडाली व रोल्स-रॉइसनें ती विकत घेतली. त्यामुळें जुन्या बेंटले गाड्यांची संख्या त्या सालींच कायमची ठरून गेली. साडेचार लिटरच्या गाड्या सगळ्या मिळून ७२० झाल्या, व त्यांपैकीं सुपरचार्जर बसविलेल्या अवघ्या ५५. प्रत्यक्ष ल मां येथें धांवलेल्या तर बोटांवर मोजण्याइतक्याच. मागणारे पुष्कळ आणि वस्तु थोडी, अशी स्थिति पुढें आली. आणि ही तूट भरून काढण्याचा मार्ग त्या गाड्यांच्या घडणींतच होता.

आज आपण मोटार घेतों ती संपूर्ण घेतों. त्या काळीं बेंटले कंपनी केवळ सांगाडा, एंजिन व चाकें विकीत असे. वरची बॉडी गिऱ्हाइकानें आपल्या पसंतीच्या दुसऱ्या कारागिरांकडून बांधून घ्यावयाची. कोणी व्हँडन प्लास या कारखान्याकडून उघडी, हलकी बॉडी घेई; कोणी थंडीपावसापासून बचाव व्हावा म्हणून बंद सलून बांधवी. वेमन पद्धतीचीं सलूनें त्या वेळीं विशेष लोकप्रिय होतीं. लाकडाच्या चौकटीवर कापड ताणून तीं बनवीत. गाडी हलकी होई, खडखडाटही कमी होई. परंतु पावसाळी देशांत कापड आणि लाकूड यांचें आयुष्य तें किती! वीसपंचवीस वर्षांनीं सलून कुजलें, आणि खालचें यंत्र मात्र खणखणीत राहिलें. अशी गाडी हातीं आल्यावर मालकाच्या मनांत काय येत असेल, याची कल्पना सहज करतां येईल.

कारागीर प्रथम जुनी बॉडी उतरवितो. तीन लिटरच्या लांब गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर १३० इंच, आणि आंखूड सांगाड्याचें ११७½. तेव्हां साडेबारा इंच लोखंड कापून सांगाडा पुन्हां जोडावयाचा. तेवढ्यानें भागत नाहीं; एंजिनाची शक्ति मागच्या चाकांस पोंचविणारा दांडा आंखूड करावा लागतो, ब्रेकचे दांडेही त्याच मापानें कमी करावे लागतात. मग चार जणांची उघडी बॉडी, मागें पेट्रोलची थोरली टांकी, उडत्या खड्यांनीं दिवे फुटूं नयेत म्हणून त्यांच्यापुढें जाळ्या, बॉनेटवरून आवळलेला चामड्याचा पट्टा, आणि सर्वांवर गडद हिरवा रंग. अशा गाडीस 'ल मां रेप्लिका' म्हणण्याचा प्रघात आहे. शर्यतीच्या गाडीस चार बैठकी कशाला, असें कोणी विचारील. ती शर्यत मुळांत प्रवासी गाड्यांची होती; आरंभीच्या वर्षांत तर चालकानें स्वतःच्या हातानें कापडी छत उभारून पहिले कांहीं फेरे तसेच पुरे करावे, असा नियम असे. म्हणजे आज ज्या रूपाची एवढ्या हौसेनें नक्कल होते, तें निम्में कुटुंबाच्या सहलीचेंच रूप आहे!

रेप्लिकावाल्यांचें म्हणणें झिडकारून देण्याजोगें नाहीं. आम्ही कापलें म्हणून तरी तें यंत्र रस्त्यावर राहिलें, नाहींतर भंगारांत गेलें असतें, असें ते म्हणतात. कित्येक गाड्यांच्या बाबतींत तें खरेंच असावें. शिवाय, ते विचारतात, शर्यतवाल्यांनीं स्वतः मूळ रूपाची कोणती पर्वा केली? सर हेन्री बर्किन यांनीं साडेचार लिटरच्या एंजिनास सुपरचार्जर जोडविला, तो खुद्द बेंटले यांस मुळींच मान्य नव्हता. त्या गाडीनें ल मांची शर्यत एकदाही जिंकली नाहीं. तरी बेंटले म्हणतांच पुष्कळांच्या डोळ्यांपुढें उभी राहते ती तीच.

या वादाचें सर्वांत नामांकित प्रकरण इंग्लंडच्या न्यायालयांत १९९० सालीं निकालास आलें. 'ओल्ड नंबर वन' या नांवाची बेंटले १९२९ व १९३० या दोन्ही वर्षीं ल मांची शर्यत जिंकली होती. पुढें तिचे भाग बदलत गेले. तिच्यांत आठ लिटरचें मोठें एंजिन बसविलें, आणि १९३२ मध्यें ब्रुकलँड्सच्या पांचशें मैलांच्या शर्यतींत ती धावपट्टीच्या उंच कडेवरून पलीकडे कोसळून क्लाइव्ह डन्फी हा चालक ठार झाला. त्यानंतर तिची पुन्हां बांधणी होऊन तीवर बंद बॉडी आली. तीच गाडी एक कोटि पौंडांस विकण्याचा करार झाला, आणि मग घेणारा अडून बसला: १९२९ ची गाडी हिच्यांत उरली आहे कोठें? न्यायमूर्ति ऑटन यांनीं निकाल विकणाराच्या बाजूनें दिला. १९२९ सालच्या गाडीचें हिच्यांत जवळजवळ कांहींच राहिलेलें नाहीं, हें त्यांनीं मान्य केलें. परंतु ही गाडी कधींही नाहींशी होऊन मागाहून नव्यानें उभी केलेली नव्हे, एकामागून एक भाग बदलत तिचें आयुष्य अखंड चालत आलें आहे, म्हणून 'ओल्ड नंबर वन' हें नांव तिचेंच, असा त्याचा आशय.

हा निकाल आम्हांस इतिहासाच्या दृष्टीनें योग्य वाटतो. वस्तूची ओळख तिच्या धातूंत जितकी असते, तितकीच तिच्या तुटक न झालेल्या हकीकतींत असते. मात्र याच कसोटीवर रेप्लिका घासून पाहिली म्हणजे ती उणी पडते. तिचा सांगाडा अस्सल, एंजिन अस्सल, क्रमांकही अस्सल; आणि अंगावर जी हकीकत मिरविते ती दुसरीची. पहिला मालक तिला रेप्लिका म्हणतो, तेथपर्यंत ती नक्कल. हात बदलतां बदलतां तो शब्द गळून पडला कीं ती बनावट झाली. आणि तो गळावा अशी किंमतीची ओढ नेहमींच असते.

बेंटले कंपनीनें २०१९ मध्यें सुपरचार्जरच्या बारा नव्या गाड्या करण्याचें जाहीर केलें. त्यासाठीं आपल्या ताब्यांतील, बर्किनच्या ताफ्यांतली जुनी गाडी सुटी करून तिचा प्रत्येक भाग लेसरनें मोजला, व नंतर ती पुन्हां जशीच्या तशी जोडली. कित्येक रसिकांस हा श्रीमंतांचा खेळ वाटला. खेळ असेलही; पण या बारांपैकीं एकीसाठींही कोणती जुनी गाडी कापावी लागली नाहीं, आणि आपला जन्म एकविसाव्या शतकांतला हें त्यांपैकीं कोणी लपवीत नाहीं. दफ्तराच्या भाषेंत ही चोख नक्कल होय.

कापल्या गेलेल्या सलूनांकडे मात्र कोणाचें लक्ष नसतें. ल मांच्या गाड्यांचीं वर्णनें, छायाचित्रें, मापें, चालकांच्या आठवणी, सर्व कांहीं उपलब्ध आहे. परंतु १९२८ सालीं एखाद्या सुखवस्तु गृहस्थानें बायकामुलांसाठीं बांधविलेल्या कापडी सलूनांत बसल्यावर कसें वाटे, त्याचीं दारें कशीं लागत, आंतल्या लाकडास कोणतें पॉलिश असे, हें सांगणारी वस्तु ती स्वतःच होती. जुन्या बेंटले गाड्यांच्या याद्या अभ्यासकांनीं सांगाड्याच्या क्रमांकवार तयार केलेल्या आहेत. त्यांत कित्येक क्रमांकांपुढें मूळ बॉडी सलून अशी नोंद असते, आणि तीच गाडी समोर पाहावी तर ती उघडी, हिरवी, बॉनेटवर चामड्याचा पट्टा आवळलेली असते.