‘पॅलाटाईन’चा उजेड

अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्याच्या किनाऱ्यापासून काही मैलांवर ब्लॉक आयलंड नावाचे छोटेसे बेट आहे. नाताळ आणि नववर्ष यांच्या मधल्या रात्रींत तेथील समुद्रावर एक जळते जहाज दिसते, अशी वदंता पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ‘पॅलाटाईन’ जहाजाला बेटावरील लोकांनी फसवे कंदील दाखवून किनाऱ्यावर ओढले, लुटले आणि पेटवून दिले. जहाजावर राहिलेल्या एका स्त्रीच्या किंकाळ्या अजून ऐकू येतात, असे सांगतात. कवी जॉन ग्रीनलीफ व्हिटियर यांनी १८६७ साली ही कथा काव्यात गुंफली आणि गरीब बेटवासीयांच्या माथी लुटारूपणाचा शिक्का बसला.

समुद्रावर खरोखर काही उजेड दिसतो की नाही, या वादात मला शिरायचे नाही. प्रश्न माणसांच्या नावलौकिकाचा आहे.

जहाजाचे खरे नाव ‘प्रिन्सेस ऑगस्टा’. जर्मनीच्या पॅलॅटिनेट प्रांतातून देशांतर करणाऱ्या सुमारे साडेतीनशे स्त्री-पुरुष-मुलांना घेऊन ते १७३८ च्या ऑगस्टमध्ये रॉटरडॅमहून निघाले. पिपांतले पाणी दूषित निघाले. ताप आणि हगवण यांनी सुमारे दोनशे प्रवासी, निम्मे खलाशी आणि खुद्द कप्तान जॉर्ज लाँग यांचा बळी घेतला. सूत्रे दुय्यम अधिकारी अँड्र्यू ब्रूक याच्या हाती गेली. भुकेल्या प्रवाशांना शिधा द्यायचा तोही पैसे मोजून घेऊन! २७ डिसेंबर रोजी हिमवादळात जहाज बेटाच्या उत्तर टोकाला रुतले, तेव्हा ब्रूक खलाशांसह होडीतून किनाऱ्यावर उतरला. प्रवासी मात्र जहाजावरच राहिले. त्यांना उतरवून घ्यावे म्हणून ब्रूकच्या मागे लागले ते हेच बेटवासी. आजाऱ्यांना त्यांनी आसरा दिला, मेलेल्यांना मूठमाती दिली.

हे सारे कळते ते वाचलेल्या खलाशांच्या जबान्यांवरून. त्या १९२५ साली उजेडात आल्या. जहाजाला आग लागल्याचा उल्लेख त्यांत नाही. म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षे त्या किनाऱ्यावरील माणसांनी न केलेल्या पापाचा भार वाहिला, आणि कवितेत ब्रूकचे नावही नाही. आठवी आज्ञा कवींना माफ आहे काय, असे विचारावेसे वाटते.

बेटावर आज ‘पॅलाटाईन कबरी, १७३८’ अशी अक्षरे कोरलेला एक दगड उभा आहे. मृतांची नावे त्यावर नाहीत.