दात काढला तरी जबडा दुखतोच आहे? कारण कानाखालचं एक लांब हाडही असू शकतं

गिळताना घशात काहीतरी टोचतं. मान वळवली की कळ थेट कानात जाते. डेंटिस्ट म्हणतात अक्कलदाढ असेल, कानाचे डॉक्टर म्हणतात कान स्वच्छ आहे आणि पेनकिलरच्या स्ट्रिप संपत राहतात. अशा महिनोन्‌महिने चालणाऱ्या दुखण्याच्या मुळाशी क्वचित एक बारीक हाड निघतं. या आजाराला म्हणतात ईगल सिंड्रोम.

इथे गरुडाचा काही संबंध नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले कान-नाक-घसा तज्ज्ञ वॉट ईगल यांनी 1937 मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं आडनाव त्याला चिकटलं.

हे हाड असतं कुठे?

कानाच्या खाली, कवटीच्या तळापासून दोन्ही बाजूंना एकेक टोकदार हाड खाली आणि पुढे येतं. त्याचं नाव स्टायलॉइड प्रोसेस, म्हणजे लेखणीसारखं हाड. जुना बोरू डोळ्यांसमोर आणा. त्याची लांबी साधारण अडीच ते तीन सेंटीमीटर असते आणि टोकापासून एक लिगामेंट गळ्यातल्या हायॉइड हाडापर्यंत जातं. हाड त्याहून लांब झालं किंवा लिगामेंटमध्ये कॅल्शियम साचून ते कडक झालं, की शेजारच्या नसांना ते खुपू शकतं.

त्यातली एक म्हणजे मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी नववी. घसा, जिभेचा मागचा भाग आणि कानाचा आतला भाग या तिघांच्या संवेदना हीच नेते. त्यामुळे बिघाड घशाजवळ असला तरी दुखतो कान. पेशंट एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो तो यामुळेच.

काहींना हा त्रास टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर सुरू होतो, पण असं ऑपरेशन कधीच न झालेले पेशंटही असतात.

एक्स-रेत हाड लांब दिसलं, मग ऑपरेशन?

नाही. साधारण 4 टक्के लोकांमध्ये हे हाड लांब असतं आणि त्यातल्या मोजक्याच लोकांना त्रास होतो. दाढेसाठी काढलेल्या ओपीजीत, म्हणजे जबड्याच्या पूर्ण एक्स-रेत, ते लांब दिसलं आणि दुखत काहीच नसेल, तर त्याला हात लावायची गरज नसते. उलट दुखण्याचं कारण कळलेलं नसताना चांगले दात काढून घेणं हा निव्वळ तोटा.

खरी परीक्षा बोटाने होते. डॉक्टर तोंडातून टॉन्सिलच्या जागी हलकेच दाबून बघतात. कडक टोक लागलं आणि नेहमीचीच कळ उठली, तर संशय बळावतो. तिथे बधिर करणारं इंजेक्शन दिल्यावर दुखणं थांबलं तर आणखी बळावतो. मग सीटी स्कॅनच्या थ्रीडी चित्रात हाडाची लांबी आणि दिशा नेमकी कळते.

पण त्याआधी बाकीची कारणं तपासावी लागतात. गालात विजेच्या झटक्यासारखी कळ येत असेल तर ट्रायजेमिनल न्यूराल्जिया असू शकतो. चावताना कानापुढे कट्‌कट् होत असेल तर जबड्याचा सांधा. आणि तंबाखू, गुटखा खाणाऱ्याला गिळताना एकाच बाजूचा कान दुखत असेल, तर घशाचा किंवा जिभेच्या मुळाचा कॅन्सर नाही ना, हे सगळ्यात आधी बघायचं. आपल्याकडे हा धोका ईगल सिंड्रोमपेक्षा कितीतरी मोठा आहे.

एक प्रकार दुर्मिळ, पण गंभीर. हाड मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमनीवर दाबतं. मान वळवताना चक्कर किंवा अंधारी येत असेल तर डॉक्टरांना जरूर सांगावं. अचानक तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर थेट इमर्जन्सी गाठायची.

कोपरखैरणेत राहणाऱ्याने जायचं कुठे?

सुरुवात कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा तोंड-जबड्याच्या सर्जनकडून करावी. पनवेल लोकलने नेरूळ जवळ आहे. तिथे डी. वाय. पाटील आणि तेरणा ही दोन डेंटल कॉलेज आहेत. जाताना जुने एक्स-रे आणि काढलेल्या दातांची माहिती सोबत असू द्यावी.

सुरुवातीला सूज कमी करणाऱ्या आणि नसांचं दुखणं शांत करणाऱ्या गोळ्या देतात, कधी स्टेरॉइडचं इंजेक्शन. तेवढ्याने भागलं नाही तर हाडाचा वाढलेला भाग कापतात. तोंडातून केलं तर बाहेर व्रण राहत नाही, पण सर्जनला जागा अपुरी पडते. मानेतून केलं तर नसा आणि रक्तवाहिन्या नीट दिसतात, पण व्रण राहतो आणि चेहऱ्याच्या नसेला इजा होण्याची थोडी शक्यता असते. निदान अचूक असेल तर बहुतेकांना आराम पडतो. काहींचं दुखणं मात्र ऑपरेशननंतरही थोडंफार उरतं, हे आधीच विचारून घ्यावं.