गळाला लागलेला शब्द

ट्रोल म्हटलं की डीपीत तोंड लपवून शिव्या घालणारा कुणीतरी डोळ्यांपुढे येतो. नॉर्वे-स्वीडनच्या लोककथांतला राक्षसही ट्रोलच, त्यामुळे शब्द तिकडचाच वाटतो. पण इंटरनेटवरच्या या शब्दाचं कूळ बहुधा मासेमारीतलं आहे. चालत्या होडीमागून आमिष लावलेला गळ ओढत न्यायचा, याला इंग्रजीत ट्रोलिंग म्हणतात. १९९०नंतरच्या काही वर्षांत युजनेट या जुन्या चर्चामंचावर शहरी दंतकथांचा कीस पाडणारी जुनी खोडं मुद्दाम एखादं धडधडीत चुकीचं विधान सोडून देत. नवखा तावातावानं दुरुस्ती करायला धावला की लागला गळाला! शिवीगाळ त्यात नव्हतीच.

ही खोडी चळवळीत आली २००८मध्ये. सायंटॉलॉजी चर्चनं टॉम क्रूझची एक चित्रफीत नेटवरून काढून टाकायचा खटाटोप केला, आणि ‘अनॉनिमस’ नावाची निनावी नेटकऱ्यांची टोळी चेकाळली. त्यांनी चर्चला तिथली शाई संपावी म्हणून काळेकुट्ट कागद फॅक्स केले, आणि १० फेब्रुवारीला मुखवटे चढवून ते अनेक देशांत रस्त्यावर उतरले.

२०२०च्या जूनमध्ये के-पॉप या कोरियन पॉप संगीताच्या चाहत्यांनी ट्रम्प यांच्या टल्साच्या सभेसाठी न जाण्याच्या बोलीवर नावं नोंदवली. प्रचारकांनी दहा लाख मागण्यांची फुशारकी मारली. अग्निशमन दलाच्या मोजणीत माणसं भरली सुमारे ६,२००. खुर्च्या या पोरांमुळेच रिकाम्या राहिल्या असं नाही, पण फुगलेल्या आकड्याला प्रचारक भुलले.

मराठी वर्तमानपत्रांत ट्रोलला ‘जल्पक’ म्हणतात. शब्द चपखल आहे. न्यायदर्शनात सत्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता नुसतं खोडत बसणं म्हणजे वितंडा.

ह्यूस्टनमध्ये घडलं ते मात्र या तिन्हींत बसत नाही. २१ मे २०१६ रोजी तिथल्या एका इस्लामी केंद्रासमोर दोन घोळके जमले. एक टेक्सासचं ‘इस्लामीकरण’ थांबवायला, दुसरा इस्लामी ज्ञान वाचवायला. दोघेही खरे, चिडलेलेही खरे. बोलावणी आली होती दोन फेसबुक पानांवरून, आणि ती दोन्ही पानं रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या एकाच कचेरीतून चालत होती. अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे २०१७मध्ये या उद्योगाचा हिशेब आला. दोन्हीकडच्या जाहिरातींना मिळून खर्च आला होता सुमारे २०० डॉलर.