बोटुकलीचे शेवटचे ६४ तास

निफाड, दिंडोरी, चांदवड, सिन्नर. नाशिक जिल्ह्यात कुठेही जा, द्राक्षबागेशेजारी प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं दिसतंच. पाणी साठवलेलं असतं उन्हाळ्यासाठी. त्यात रोहू, कटला, मृगळ सोडून चार पैसे सुटले तर कुणाला नको आहेत? पण मासा विकायच्या आधी बोटुकली, म्हणजे तळ्यात सोडायचं बोटभर बीज, जगावी लागते, आणि तिचा जीव फार झपाट्याने घेणारा एक रोग आहे, कॉलम्नॅरिस. पुढचा घटनाक्रम कुठल्या एका तळ्याचा नाही. ऑगस्टच्या उघडिपीत, पाणी २८ ते ३० अंशांवर असताना, हा रोग आणणाऱ्या फ्लेवोबॅक्टेरियम कॉलम्नेअर या जिवाणूचा जहाल वाण बिजाबरोबर आला तर काय काय घडत जातं, ते इथे मांडलं आहे. तास थोडे मागेपुढे होतील. क्रम सहसा बदलत नाही.

६४ तास आधी. पहिला दिवस, दुपारी २

बीज केंद्रावर जाळं ओढलं जातं. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशात पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचं प्रजनन घडवून आणलं. तेव्हापासून बिजासाठी नदीवर विसंबून राहावं लागत नाही. पण हे बीज पावसाळ्याच्या मोजक्या आठवड्यांत लाखांनी तयार होतं आणि गिऱ्हाइकंही तेव्हाच दारात उभी राहतात. पाठवण्याआधी बोटुकलीला हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या बारीक जाळीच्या पिंजऱ्यात, उपाशी ठेवून पोट रिकामं होऊ द्यावं लागतं, नाहीतर तिच्याच विष्ठेने पिशवीतलं पाणी नासतं. घाईत हे राहून जातं. जाळ्यात घासून अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, खवले सुटतात. जिवाणूला अडवणारा पहिला पडदा तोच असतो. मग पिशवीत थोडं पाणी, बीज, वरून ऑक्सिजन, रबरबँड, आणि गाडी निघते. माझ्या मते अर्धा निकाल इथेच लागलेला असतो.

५७ तास आधी. रात्री ९

पिशव्या तळ्यावर पोहोचतात. त्या १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवायच्या, आतलं-बाहेरचं तापमान जुळू द्यायचं आणि मग बीज सोडायचं, ही साधी रीत. पण अंधार पडलेला असतो, ड्रायव्हरला परतायचं असतं. पिशव्या कापून सगळं बीज एकाच हाप्यात ओतलं जातं. अशी दाटी या जिवाणूच्या पथ्यावर पडते. तळ्यात बोअरचं जड पाणी असेल तर आणखीच, कारण कॅल्शियम जास्त असलं की तो कल्ल्यांना चांगला चिकटतो.

४८ तास आधी. दुसरा दिवस, सकाळी ६

सगळं ठीक दिसतं. बोटुकली पोहते आहे, खाद्यावर येते आहे.

कल्ल्यांवर मात्र काम सुरू झालेलं असतं. हा जिवाणू लांब, बारीक काडीसारखा. पृष्ठभागावरून सरपटत जातो आणि माशाच्या ऊतींना धरून ठेवणारे घटक विरघळवणारी विकरं सोडतो. अमेरिकेत हर्बर्ट स्पेन्सर डेव्हिस यांनी १९२२ मध्ये या रोगाचं पहिलं वर्णन केलं. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना या काड्या एकत्र येऊन खांब रचताना दिसल्या, त्यावरूनच रोगाला नाव पडलं.

३६ तास आधी. संध्याकाळी ६

खाद्य उरतं. थोडी बोटुकली घोळक्यातून फुटून, जिथे पाणी पडतं तिथे पृष्ठभागाशी थांबते. पहिली खूण हीच. ती बघायला त्या वेळी काठावर कुणी असेलच असं नाही.

२४ तास आधी. तिसरा दिवस, सकाळी ६

हाप्याच्या कोपऱ्यात चार-दोन मेलेली. ‘प्रवासात दमली असतील,’ असं म्हटलं जातं, आणि ती तिथेच राहतात.

सगळ्यांत महाग पडणारी चूक ही. फिनलंडमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिलं की मेलेल्या माशातून हा जिवाणू जिवंत आजारी माशापेक्षा अधिक वेगाने पाण्यात सुटतो. तो मेलेल्या शरीरावर जगतो, वाढतो आणि तिथून पुढच्या माशाकडे जातो. म्हणून त्या चार-दोन बोटुकल्या तेव्हाच बाहेर काढून चुना टाकून पुरायच्या, खाद्य थांबवायचं, दाटी कमी करायची आणि पाण्यात हवा खेळवायची. अजून वेळ असतो.

२० तास आधी. सकाळी १०

मरतुक वाढली आहे. आता फोन होतो, बहुधा दुकानदाराला. तो अँटिबायोटिकची पावडर खाद्यात मिसळायला सांगतो. पण आजारी बोटुकलीने खाणंच सोडलेलं असतं. औषध पोहोचतं ते निरोग्यांपर्यंत, उरलेलं पाण्यात. त्यातही क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटाच्या औषधांना आपल्याकडे मत्स्यपालनात बंदी आहे.

ज्याचं मला खरोखर वाईट वाटतं ते इथेच. हाच बागायतदार पानाचा देठ तपासायला प्रयोगशाळेत पाठवतो, पानं किती तास ओली राहिली यावरून डाऊनी या द्राक्षावरच्या रोगाचा अंदाज बांधतो, मध्यरात्री उठून फवारणी करतो. माशांच्या बाबतीत त्याला ही सवय कुणी लावलीच नाही. नुकत्याच मेलेल्या बोटुकलीच्या कल्ल्याचा तुकडा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवून ४०० पट मोठा करून पाहिला, तर सरपटणाऱ्या काड्या आणि त्यांच्या गंजी काही मिनिटांत दिसतात. असा सूक्ष्मदर्शक तालुक्याच्या कॉलेजातही असतो.

१२ तास आधी. संध्याकाळी ६

आता नुसत्या डोळ्यांनाही दिसतं. कल्ल्यांवर पिवळट-पांढरे चट्टे, पाठीवरच्या पराभोवती खोगिरासारखा फिकट डाग. अगदी लहान बिजात तेही दिसत नाही. कल्ले निकामी होऊन ते आधीच मरतं. पोटॅशियम परमँगनेट आणलं जातं. त्याचं प्रमाण दर हजार लिटरला साधारण २ ग्रॅम, आणि गुलाबी रंग ८ ते १२ तास टिकायला हवा. पाण्यात खाद्य आणि घाण असेल तर औषध त्यातच खर्ची पडतं आणि रंग लवकर तपकिरी होतो. मग अंदाजाने आणखी मूठभर टाकली जाते, आणि उरलेसुरले कल्ले औषधानेच भाजतात.

४ तास आधी. रात्री २

पाण्यातला ऑक्सिजन रात्रभर घटत जातो आणि उजाडण्याआधी सर्वांत कमी होतो. निरोगी मासा हे सोसतो. कल्ले झडलेल्या बोटुकलीला श्वासच घेता येत नाही.

शून्य तास. चौथा दिवस, सकाळी ६

हाप्यातलं जवळजवळ सगळं बीज उताणं तरंगतं आहे.

त्यानंतर

तळं उपसून कडक उन्हात वाळवा, असं पुस्तकं सांगतात. नाशिकच्या बागायतदाराला ते जमत नाही. ते पाणी एप्रिल-मेमध्ये द्राक्षाला लागणार असतं. २५ अंशांच्या जड, सेंद्रिय घाण भरपूर असलेल्या पाण्यात हा जिवाणू माशाविनाही १६ दिवसांपर्यंत टिकल्याची नोंद आहे. तेव्हा मेलेलं सगळं काढून पुरावं, हापा आणि जाळी धुऊन उन्हात पूर्ण वाळवावीत, शेजाऱ्याला वापरायला देऊ नयेत. केंद्र सरकारने २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘रिपोर्ट फिश डिसीज’ अ‍ॅपवर फोटोसह कळवावं. नवं बीज निदान तीन आठवडे आणू नये. आणल्यावरही आधी थोडंसंच वेगळ्या हाप्यात सोडावं आणि दोन-तीन दिवस, संध्याकाळच्या खाद्याच्या वेळी, स्वतः काठावर उभं राहून पाहावं.