जात्यावरील ओवीतील सीतेचा वनवास : उगमाचा शोध

प्रस्तावना :
निर्वासनाचे दुःख सांगणारी लोकगीते अनेक भाषांत आढळतात. झारकालीन रशियात सैबेरियात धाडलेल्या कैद्यांची गाणी लोकपरंपरेत रुजली. मराठीत हे दुःख जात्यावरील ओवीत सीतेच्या वनवासाच्या रूपाने प्रकटले. प्रस्तुत लेखात बीड जिल्ह्याच्या संदर्भात या ओवीच्या उगमाचा विचार केला आहे.

ओवीची प्राचीनता :
चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या १२ व्या शतकाच्या पूर्वार्धातील ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. म्हणजेच ज्ञानेश्वरीच्या (इ.स. १२९०) सुमारे दीडशे वर्षे आधी ओवी स्त्रियांच्या श्रमाशी जोडलेली होती. मुकुंदराज व दासोपंत यांच्या समाधींमुळे अंबाजोगाई हे ग्रंथकारांचे गाव म्हणून ओळखले जाते. तथापि ग्रंथातील ओवीचे मूळ उखळ-जात्याजवळच शोधावे लागते.

कथेचे मूळ :
वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडात सीतात्यागाचे कारण लोकापवाद हे आहे. ओव्यांत मात्र कैकेयी सीतेकडून रावणाचा अंगठा रेखाटून घेते, उरलेले चित्र स्वतः पूर्ण करते व आळ सीतेवर येतो. हेमचंद्राच्या १२ व्या शतकातील जैन रामकथेतही सवतींच्या आग्रहावरून सीता रावणाचे पाय रेखाटते. या साम्यावरून ओवी त्या ग्रंथातून आली असे म्हणता येत नाही. परंतु या कथाबीजाचा प्रसार वाल्मीकी परंपरेबाहेरही होता, एवढे निश्चित होते. नगरातील अपवादाची जागा सासरघरातील कपटाने घेतली, हा बदल गाणाऱ्या स्त्रियांच्या अनुभवाशी जुळणारा आहे. वनात सीतेची समजूत घालणाऱ्या बोरी-बाभळी तर मराठवाड्याच्या कोरडवाहू शिवारातीलच आहेत.

संकलन :
हेमा राईरकर व गी पॉयटवँ यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. माजलगावच्या भीमनगरात १९९६ मध्ये डॉ. आंबेडकरांविषयीच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. जुन्या छंदात नवा इतिहास सामावण्याची परंपरा त्यातून दिसते.

निष्कर्ष :
या गीताला एक कर्ता वा एक तिथी नाही; प्रत्येक गायिकेने त्यात आपली भर घातली. पिठाच्या गिरणीने जाते थांबविले. ऊसतोडीसाठी दरवर्षी घर सोडणाऱ्या बीडच्या स्त्रियांना मात्र वनवास हा शब्द आजही परका नाही. वृद्ध गायिकांच्या कंठातील ही साधने जतन करणे हे स्थानिक महाविद्यालयांचे तातडीचे कर्तव्य ठरते.