जुन्या दप्तरांतील ‘गुन्हेगारी’

मोडी दप्तरें चाळणाऱ्यांस ‘गुन्हेगारी’ हा शब्द वारंवार भेटतो, आणि परिचित वाटतो म्हणूनच तो फसवितो. आज गुन्हेगारी म्हणजे अपराध करण्याची प्रवृत्ति. मराठेशाहीच्या कागदांत मात्र गुन्हेगारी म्हणजे बहुधा सरकारांत भरलेला दंड. जमाखर्चांत ती इतर बाबींच्या पंक्तीस बसते. वतनाच्या वादांत जो हरला त्याजकडून गुन्हेगारी घेत आणि जो जिंकला त्याजकडून हरकी. (सरकारचें नुकसान कोणत्याच पक्षीं होत नसे!) तेव्हां एखाद्या पाटलाच्या नांवापुढें गुन्हेगारीचा आंकडा दिसला म्हणजे त्यानें चोरी अथवा खून केला असें ठरत नाहीं. त्याचा मानपानाचा दावा पंचांनीं अमान्य केला, एवढेंच घडलें असेल.

हा भेद आम्ही क्षुल्लक समजत नाहीं. वर्धा जिल्ह्यांत, हिंगणघाट तालुक्यांतील अल्लीपुरासारख्या गांवचा एखादा बंद उद्यां कोणा संग्राहकाच्या हातीं आला, आणि त्यानें या एका शब्दावरून एखाद्या घराण्याचा मूळ पुरुष अपराधी ठरविला, तर त्या मृताची तकरीर लिहून देणारा आतां कोण आहे?

वतनाच्या वादांत वादीप्रतिवादींस कांहीं आधार तरी असे. उभयतां आपापली तकरीर देत, पंचांचा निवाडा मान्य करूं म्हणून राजीनामा लिहीत व जामीन देत. फौजदारी बाबतींत इतकें निश्चित स्वरूप आढळत नाहीं. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीं एल्फिन्स्टननें १८१९ सालीं जो अहवाल लिहिला, त्यांतहि चौकशीची ठराविक पद्धति नसल्याचें नमूद आहे. दंड, मिळकतीची जप्ती, किल्ल्यावरील कैद, अवयवच्छेद, देहदंड अशा शिक्षा होत. पण अमक्या अपराधास अमुकच, असें छापील कलम कोठेंहि नव्हतें. १७९१ सालीं पुण्याचा कोतवाल घाशीराम याच्या कोठडींत ब्राह्मण गुदमरून मेले. धरलेल्यांस पुसणारा कोणी नव्हता, आणि अखेर कोतवालहि जमावाच्या हवालीं झाला व दगडांनीं मारला गेला.

पुणें दरबारची प्रत्येक रीत नागपूरकर भोसल्यांच्या मुलखास जशीच्या तशी लावूं नये, हें सांगणें अवश्य आहे. अल्लीपूरचा प्रदेश १८५४ पर्यंत भोसल्यांचा. तेथील कागदांस रिचर्ड जेन्किन्सचा १८२७ चा नागपूर राज्यावरील अहवाल अधिक जवळचा. पुढें एक लक्षणीय योग जुळून आला. १८६० सालीं मंजूर झालेला भारतीय दंडसंहितेचा कायदा १८६२ च्या जानेवारीपासून अमलांत आला, आणि त्याच सालीं नागपूर जिल्ह्यांतून वर्धा जिल्हा निराळा निघाला. म्हणजे या जिल्ह्याचें वय आणि लेखी दंडविधानाचें वय एकच. त्या पूर्वींच्या कागदांत कलम शोधणें व्यर्थ होय.

ती संहिता १ जुलै २०२४ रोजीं जाऊन भारतीय न्याय संहिता आली. आज अल्लीपूरच्या पोलीस ठाण्यांत दखलपात्र अपराधाची फिर्याद नोंदली तर फिर्यादीस तिची नक्कल विनामूल्य मिळते. धरलेल्या मनुष्यास अटकेचें कारण सांगावें लागतें, आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आंत मॅजिस्ट्रेटपुढें न्यावें लागतें. चोरीच्या कलमांत तर एक जुनी ओळख पटते. पांच हजार रुपयांहून कमी किंमतीची चोरी पहिल्यानेंच सिद्ध झाली व माल अथवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. पूर्वीं चोराचा माग ज्या गांवच्या शिवेंत थांबे त्या गांवावर भरपाईचा बोजा येई. दोन्हींत ज्याची वस्तु गेली त्याची आठवण राहिली आहे. मधल्या दीडशें वर्षांच्या चोरीच्या कलमांत कैद व दंड होते, ही आठवण नव्हती.

संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, गुन्हेगारीचा आंकडा असलेला कागद प्रसिद्ध करतांना त्याचा मथळा, मागील पुढील रकमा आणि जामिनाचें नांव असल्यास तेंहि छापावें. त्याच वर्षीं दुसऱ्या पक्षाकडून हरकी जमा आहे कीं काय, हें आधीं पाहावें.